तर्कशास्त्रातले हरवलेले उदाहरण

मी कॉलेजात शिकलेलो नाही. आमच्या भागात जुनी माणसे दहावीला अजून मॅट्रिक म्हणतात; त्या अर्थाने मी मॅट्रिक. पुढची वर्षे मुलांना मराठी शिकवण्यात आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्यात गेली. अशा माणसाने महाविद्यालयातल्या तर्कशास्त्राच्या अध्यापनाबद्दल मत द्यावे हा अधिकाराबाहेरचा प्रकार आहे, हे मला समजते. तरी लिहितो आहे. कारण गेल्या वर्षी आषाढापासून माघापर्यंत मी त्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत होतो. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. शाळा सुटली की मानवतहून परभणीची एस.टी. धरायची आणि तिथल्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मित्राच्या दुपारच्या तासाला जाऊन बसायचे, असा क्रम मी ठेवला होता. मित्र मला गुरुजी म्हणतो, मी त्याला सर म्हणतो. आमच्या दोघांत विद्यार्थी कोण, हे त्या वर्गातल्या मुलांना बरेच दिवस उमगले नाही.

जाण्याचे कारण पुढे येईल. आधी वर्गात जे पाहिले ते सांगतो.

पहिल्याच तासाला फळ्यावर सॉक्रेटीस आला. सर्व माणसे मर्त्य आहेत. सॉक्रेटीस माणूस आहे. म्हणून सॉक्रेटीस मर्त्य आहे. हा विषय जिथे जिथे शिकवतात तिथे तिथे हा ग्रीक गृहस्थ बहुधा पहिल्या तासालाच मरतो. मुलांनी तीन ओळी उतरवून घेतल्या. एकाही चेहऱ्यावर काही हलले नाही. माझ्या पुढच्या बाकावरचा एक मुलगा शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "मेलाय की तो कवाच."

त्या तासाला झालेली ही सर्वांत मार्मिक टीका होती असे मला वाटते. जे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे ते सिद्ध करण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे त्या मुलाला विचारायचे होते. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात जवळजवळ हेच विचारले होते. सर्व माणसे मर्त्य आहेत असे म्हणताना सॉक्रेटीस त्यात धरलेलाच आहे. मग निष्कर्षात नवे ते काय आले? मुलाला हे कोणी सांगितले नाही. आपल्या कुजबुजीला एवढा मोठा सोबती आहे हे कळते, तर तो पुढच्या बाकावर येऊन बसला असता.

तर्कशास्त्र मुलांना कठीण का जाते, असे विचारले की बहुतेक लोक परिभाषेकडे बोट दाखवतात. शब्द संस्कृत, म्हणून कठीण. ते सोपे करा की झाले. हे मत मला मान्य नाही. मराठीत हा विषय आणण्यासाठी ज्यांनी आयुष्य खर्ची घातले त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मे. पुं. रेगे यांचे 'आकारिक तर्कशास्त्र' किंवा दि. य. देशपांडे यांचे 'युक्तिवादाची उपकरणे' वाचताना मराठी किती काटेकोर होऊ शकते हे दिसते. दुसऱ्या पुस्तकाचे तर नावच मला फार आवडते. उपकरणे म्हटले की सुताराची पेटी आठवते. पटाशी कुठली, रंधा कुठला, कशाने काय होते. शब्द संस्कृत आहे म्हणून कोणाचे अडलेले नाही. उद्देश्य आणि विधेय हे शब्द मी माझ्या शाळेतल्या मुलांना शिकवतो आणि तेरा-चौदा वर्षांची मुले ते बिनतक्रार वापरतात. वाक्य फोडून पाहण्याचा हा पाठ मराठीत रुजला त्यात गोपाळ गणेश आगरकरांच्या 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' या १८८८ सालच्या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. 'सुधारक' पत्रही आगरकरांनी त्याच वर्षी काढले. वाक्य फोडायला शिकवणारा माणूस आणि रूढी फोडायला निघालेला माणूस एकच होता, हे मराठीच्या शिक्षकांनी तरी विसरू नये. आम्ही विसरतो. वाक्यपृथक्करण आम्ही चार गुणांसाठी शिकवतो आणि तेच पुढे तर्कशास्त्राचे पहिले प्रकरण होणार आहे याचा मुलांना पत्ता लागू देत नाही.

माझी तक्रार निराळी आहे. पाठ्यपुस्तकांनी न्यायशास्त्रातले शब्द घेतले, पण त्या शब्दांची घरे मागे ठेवली. 'निगमन' घ्या. न्यायाच्या परंपरेत अनुमानाचे जे पाच अवयव सांगितले आहेत त्यांतला शेवटचा, म्हणजे सिद्ध झालेले पुन्हा सांगणे, तो निगमन. आजच्या पुस्तकात निगमन हे सामान्यावरून विशेषाकडे जाणाऱ्या सगळ्या पद्धतीचे नाव आहे. 'व्याप्ती' घ्या. तिथे व्याप्ती म्हणजे धूर आणि अग्नी यांची न सुटणारी सोबत. इथे 'व्याप्त पद' म्हणजे ज्या पदाने आपल्या वर्गातल्या एकूण एकाचा निर्देश केला आहे असे पद. सर्वांत मौजेचा शब्द 'सोपाधिक'. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हे न्यायाचे पहिले पुस्तक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. त्याची आठल्ये-बोडसांची आवृत्ती १८९७ साली मुंबईत निघाली आणि कॉलेजच्या मुलांनीही ती वापरली. त्या 'तर्कसंग्रहा'त सोपाधिक हेतू हा एक दोष आहे. जेथे अग्नी तेथे धूर, असे कोणी म्हणाले तर ते चूक. कारण धूर निघतो तो सरपण ओले असेल तर. ओले सरपण ही मधली अट, म्हणजे उपाधी, बोलणाऱ्याने लपवली. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. आज काही पुस्तकांतून 'जर-तर'च्या साध्या निर्दोष विधानालाच सोपाधिक म्हणतात. एका काळी जे दूषण होते ते आता नुसते नाव झाले आहे.

शब्द अर्थ बदलतात, त्याला इलाज नाही. पण बदल झाला आहे एवढे तरी सांगावे! मित्राने एका तासाला ओल्या सरपणाची गोष्ट सांगितली तेव्हा पाच-सहा मुली एकदम हसल्या. चुलीपुढे डोळे चोळत बसलेल्यांना उपाधी काय ती एका क्षणात कळली.

कादंबरीकाराला कानाची सवय असते. त्या वर्गात बसून घरी परतताना एस.टी.त मी लोकांची बोली ऐकत असे, आणि एक गोष्ट ध्यानात आली की बसलेला धक्का अजून गेलेला नाही. विचाराच्या कामाचे जे जे शब्द मराठीत आले ते सगळे आम्ही खाली ओढले आहेत. तर्क म्हणजे अंदाज. 'उगीच तर्क लढवू नको' असे आम्ही पोराला दटावतो. त्याचाच भाऊ तर्कट. आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षण उर्दूतून देण्यासाठी हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. माझ्या आजोबांच्या पिढीतला जो कोणी तिथे हा विषय शिकला असेल तो 'मंतिक' म्हणून शिकला असेल. त्या मंतिकमध्ये संवाक्याला, म्हणजे दोन विधानांवरून तिसरे काढण्याच्या त्या सॉक्रेटिसी रचनेला, कियास म्हणतात. मराठीत त्याचा झाला कयास, आणि कयास म्हणजे पुन्हा अंदाजच. अरबीत हुज्जत म्हणजे प्रमाण, पुरावा; आमच्याकडे हुज्जत घालतात ती भाजीवालीशी. सबब म्हणजे कारण. आम्ही सबब सांगतो ती कामचुकारपणाची. 'कारण' तरी कुठे सुटले? 'कारणे सांगू नकोस' असे मी स्वतः रोज वर्गात म्हणतो. न्यायात वाद म्हणजे सत्य शोधण्यासाठी दोघांनी केलेली चर्चा. नुसते जिंकण्यासाठी केलेल्या चर्चेला तिथे जल्प हे वेगळे नाव आहे, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची पाडण्याला वितंडा. मराठीत जल्प शब्द गेला, वितंडवाद उरला, आणि वाद म्हणजे बांधावरचे भांडण. युक्ती म्हणजे जोडून दाखवणे होते. तिचा अर्थ झाला शक्कल, डाव.

हे कशाने झाले असावे? माझे मत असे की, आमच्या माणसांनी शेकडो वर्षे कारणे ऐकली ती वरून. पाटलाने दिली, सावकाराने दिली, भटजीने दिली, मुन्सफाने दिली. प्रत्येक वेळी कारण शुद्ध होते आणि जमीन जात होती. कारणे देणारा माणूस आपल्याला फसवणार आहे, हा अनुभव शब्दांत उतरला. अशा भाषेच्या मुलांपुढे आपण 'युक्तिवाद' नावाचा विषय घेऊन उभे राहतो, तेव्हा त्यांच्या मनात आधीच जो संशय आहे त्याचा आपण विचार करत नाही.

या संशयाचा उपयोग कसा करता येतो तेही मी त्याच वर्गात पाहिले. जर-तर विधानातला नेहमीचा दोष चालू होता. पावसाने रस्ता ओला होतो. रस्ता ओला आहे. म्हणून पाऊस पडला आहे. पुस्तकातले उदाहरण. मुले लिहून घेत होती. मित्र थांबला. तो शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्याने पुसून फळ्यावर दुसरे लिहिले: कापसात ओल असली तर हाताला गार लागतो; हा कापूस हाताला गार लागतो; म्हणून या कापसात ओल आहे.

वर्ग एकदम जागा झाला. मानवत ही कापसाची बाजारपेठ आहे. जिनिंगच्या दारात रात्रभर गाड्या लावून बसलेल्या घरांतली ही मुले. व्यापारी सकाळी गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, "ओल आहे" म्हणतो, आणि भाव पाडतो. एक मुलगा उभा राहिला. "सर, मार्गशीर्षात सकाळच्या पारी सगळाच कापूस गार लागतो की." दुसरा म्हणाला, "त्याचा स्वतःचा हात गरम असतो, चहाचा कप धरलेला." मित्र म्हणाला, "झाले. गार लागण्याला दुसरेही कारण असू शकते, हे तुम्ही दाखवले. या दोषाला उत्तरांगाचा स्वीकार म्हणतात. पुस्तकात पान अमुक." त्या दिवशी कोणी काही पाठ केले नाही. पण त्या मुलांच्या बापांनी वर्षानुवर्षे जो अन्याय नुसता सोसला त्याला नाव आहे, आणि ते नाव ग्रीसपासून परभणीपर्यंत सगळीकडे चालते, हे त्यांना कळले.

इथे मला न्यायाचे पाच अवयव पुन्हा आठवतात. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. धूर आहे म्हणून, हा हेतू. जेथे जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हे उदाहरण. इथेही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून इथे अग्नी आहे, हे निगमन. ग्रीक संवाक्यात हे तीन ओळींत आटोपते आणि आधुनिक पंडित म्हणतात की उरलेले दोन अवयव पुनरुक्ती आहेत. असतील. पण 'जसे स्वयंपाकघर' हे दोन शब्द ग्रीकांकडे नाहीत. तिथे सर्वसामान्य नियम नुसता मांडला की पुरे. तो खरा की खोटा हे पाहणे तर्कशास्त्राचे काम नव्हे. इथे नियम मांडणाऱ्याला लगेच विचारतात: कुठे पाहिलेस? आणि दाखला कसा हवा याचीही अट गौतमाच्या सूत्रात घातलेली आहे. लौकिक माणूस आणि परीक्षक, म्हणजे साधा माणूस आणि शास्त्र जाणणारा, या दोघांचे ज्याबद्दल एकमत आहे तोच दृष्टान्त. ही अट मला मोठी वाटते. शास्त्र जाणणाऱ्याला एकट्यालाच पटलेला दाखला चालत नाही. अडाण्याला एकट्याला पटलेलाही चालत नाही.

मराठी गद्य जन्मले तेही असेच. चक्रधरांच्या बोलण्यातून केशिराजांनी 'दृष्टान्तपाठ' जुळवला. त्यात आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग तो कशाला लागू करायचा ते सांगणारे दार्ष्टान्तिक, अशी बांधणी आहे. तेराव्या शतकात गोदावरीच्या काठाने हिंडणाऱ्या माणसाला ठाऊक होते की नुसते सूत्र कोणाच्या डोक्यात राहत नाही. आमच्या काळात मराठवाड्यात नरहर कुरुंदकर झाले. नांदेडचे प्राध्यापक, १९८२ साली गेले. मी त्यांना ऐकलेले नाही, वाचलेले आहे. विरुद्ध बाजू तिच्या कैवाऱ्यांपेक्षा चांगली मांडायची आणि मग एखादा रोजचा दाखला देऊन तिचा पाया दाखवायचा, ही त्यांची रीत. तर्कशास्त्राचा तास गावोगावच्या व्याख्यानांत चालू होता. महाविद्यालयाच्या वेळापत्रकात तो नव्हता इतकेच.

आता मी त्या वर्गात का गेलो ते सांगतो.

मानवतचा माणूस बाहेरगावी गेला आणि त्याने गाव सांगितले की समोरच्याच्या डोळ्यांत एक प्रश्न येतो. १९७२ च्या अखेरीपासून १९७४ च्या आरंभापर्यंत आमच्या गावात मुलींचे आणि बायकांचे खून झाले. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी तपासाला आले. खटल्यातून पुढे आलेली हकीकत देशभर गाजली: गुप्तधनाची आशा, मूल होण्याची आशा, पिंपळ, आणि त्याला हवे असलेले रक्त. २०२४ साली त्यावर वेबमालिका निघाली आणि ज्यांना विसर पडला होता त्यांनाही गाव पुन्हा ठाऊक झाले. माझा जन्म त्यानंतरचा. पण माझी आई तेव्हा लहान मुलगी होती, आणि भर दुपारी दाराला कडी घालून बसवलेल्या मुलींची आठवण ती अजून सांगते. 'मानवतचे का? म्हणजे ते...' असे म्हणणारा माणूस एका घटनेवरून सगळ्या गावाचा निष्कर्ष काढतो. त्याचा तर्कदोष पाठ्यपुस्तकात सापडतो. तो मला फार लागत नाही. लागते ते दुसरेच.

या विषयावर कादंबरी लिहावी म्हणून मी पाच वर्षे झटलो. खऱ्या माणसांवर लिहायचे नव्हते. त्यांची नावेही मला नको होती. मला एक माणूस रचायचा होता, चारचौघांसारखा, जो अशा कृत्यापर्यंत पोहोचतो. तो वेडा दाखवावा तर कादंबरी खोटी होत होती. म्हणून त्याला शहाणा ठेवला, आणि तो विचार करू लागला तसा मी घाबरलो. त्याचा विचार असा चाले: मागणी पुरी झाली तर धन सापडते, धन सापडले नाही, म्हणून मागणी पुरी झालेली नाही. मग पुन्हा. लिहिताना मी त्याच्या विचारातली चूक शोधत होतो, म्हणजे त्या चुकीवर बोट ठेवून त्याला उभे करता येईल. चूक सापडेना. कादंबरी एकशे चाळीस पानांवर थांबली.

त्या वर्गात भाद्रपदात कधी तरी मित्राने फळ्यावर उत्तरांगाचा निषेध लिहिला. जर पी तर क्यू, क्यू नाही, म्हणून पी नाही. शेजारी लिहिले: युक्त. मी बाकावर सुन्न बसलो. माझ्या माणसाचा युक्तिवाद तोच होता, आणि शास्त्राच्या लेखी तो निर्दोष होता. सत्यता-कोष्टक मांडून पाहिले, तरी निर्दोष. व्यापाऱ्याचा कापसाचा युक्तिवाद आकारात चुकलेला होता. नरबळी देणाऱ्याचा चुकलेला नव्हता!

तासानंतर मी मित्राला हे सांगितले. तो म्हणाला, "गुरुजी, युक्तता वेगळी आणि सत्यता वेगळी. पहिले विधान खोटे आहे. हे तर आम्ही पहिल्या आठवड्यातच सांगतो." खरे आहे, सांगतात. मी पुस्तकात पाहिले. सर्व मांजरे कुत्री असतात, अशा धर्तीचे एक उदाहरण असते, खोट्या विधानांपासूनही युक्त युक्तिवाद होऊ शकतो हे त्यावरून दाखवतात, मुले हसतात, प्रकरण पुढे जाते. मांजराला कुत्रा म्हणणारा माणूस कोणी पाहिलेला नाही. मुलाच्या मनावर ठसते ते एवढेच की खोटी विधाने पुस्तकात असतात आणि ओळखू येण्याइतकी वेडगळ असतात. आपल्याच गल्लीतल्या, आपल्याच आजीने सांगितलेल्या विधानाला तो हात लावत नाही.

आणि इथे मला 'जसे स्वयंपाकघर' या दोन शब्दांची किंमत कळली. मागणी पुरी झाली तर धन सापडते, जसे... जसे कुठे? माझ्या कादंबरीतल्या माणसाला हे विचारले असते तर तो म्हणाला असता, अमक्या गावी सापडले म्हणतात. म्हणतात! लौकिक आणि परीक्षक दोघांनी मान्य केलेला एक तरी दाखला आण, अशी अट घातली की त्याचा तो निर्दोष युक्तिवाद तिसऱ्या पायरीवर थांबतो. पहिले विधान तपासण्याची जागा त्या जुन्या पाच अवयवांत बांधूनच काढली होती. आम्ही ग्रीक घेतले ते बरोबर केले, चिन्हांचे तर्कशास्त्र घेतले तेही बरोबर केले. पण घेताना ही जागा बुजवली. आता ती मुलाने स्वतःच्या हुशारीने शोधावी अशी अपेक्षा आहे.

कायद्याने ती बुजवली नाही, हेही सांगितले पाहिजे. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलमांखाली दाखले दिलेले होते. अमक्या स्थितीत न्यायालय काय मानू शकेल, ते उदाहरण देऊन सांगितलेले. त्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. मानवतच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७७ चा आहे, आणि गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीवर कितपत विसंबावे या प्रश्नासाठी कायद्याचे विद्यार्थी तो अजून वाचतात. कलम १३३ म्हणे, साथीदाराच्या एकट्याच्या साक्षीवर शिक्षा दिली तर ती केवळ तेवढ्याने बेकायदा ठरत नाही. कलम ११४ चा एक दाखला म्हणे, महत्त्वाच्या तपशिलात दुजोरा मिळाल्यावाचून साथीदार विश्वासाला पात्र नाही असे न्यायालय धरू शकते. एक नियम, एक दाखला. दोन्ही एकत्र वाचायचे. ज्या गावाने देशाला भीतीची गोष्ट दिली त्याच गावाच्या खटल्याने साक्ष कशी पारखावी याचा एक धडा दिला, आणि आमच्या गावातल्या कोणाला तो ठाऊक नाही.

मित्राला माझे म्हणणे पुरते मान्य नाही, आणि त्याची बाजूही इथे यायला हवी. तो म्हणतो, "उदाहरण पटते म्हणून युक्तिवाद पटतो, हाच तर धोका आहे, गुरुजी. कीर्तनकार एक गोड दृष्टान्त देतो आणि वाटेल ते गळी उतरवतो. व्यापाऱ्याचा युक्तिवाद चूक आहे हे मुलांना लगेच दिसले, कारण व्यापारी त्यांना आवडत नाही. तीच चूक त्यांच्या बापाने केली असती तर दिसली असती का? पी आणि क्यू कोणाचेच नातेवाईक नाहीत. म्हणून मी ते लिहितो." याला माझ्याजवळ पुरे उत्तर नाही. एका स्वयंपाकघरावरून जगातला सगळा धूर सिद्ध होत नाही, हे न्यायाच्या विरोधकांनी फार पूर्वीच म्हटले आहे. आणि दृष्टान्ताने विषय कळतो, तो सिद्ध होतोच असे नाही, हेही खरे. मी मित्राला एवढेच म्हणालो की, पी आणि क्यू दोन्ही नातेवाईकांच्या घरी एकदा तरी नेऊन सोडल्याशिवाय वर्ष संपवू नका.

माघात चाचणीचे पेपर झाले. आपल्याकडे प्रश्नपत्रिकेत एक शब्द हटकून असतो: 'सोदाहरण स्पष्ट करा'. पाच अवयवांतला तिसरा तेवढा तिथे तगून राहिला आहे, आणि त्याचे उत्तर मुले गाइडातून लिहितात. मित्राने एक पेपर, नाव झाकून, माझ्यापुढे ठेवला. उत्तरांगाच्या स्वीकाराचा दोष सोदाहरण स्पष्ट करा, असा प्रश्न होता. मुलीने रस्ता आणि पाऊस लिहिला नव्हता. कापूसही लिहिला नव्हता. तिने लिहिले होते: अंगात आले तर बाई घुमते, आमची काकू घुमते, म्हणून काकूच्या अंगात आले आहे. खाली तीन ओळी होत्या. घुमण्याला दुसरी कारणे असू शकतात. काकूला दोन बाळंतपणांपासून झोप नाही. तिला अजून दवाखान्यात नेलेले नाही.

समासात मित्राने लाल शाईने 'पुस्तकातील उदाहरण?' असे लिहून ते खोडले होते आणि पुरे गुण दिले होते.

"हाच पेपर बोर्डाला असता तर?" मी विचारले.

"तिथे परीक्षक मी नसतो, गुरुजी," तो म्हणाला, आणि पुढचा पेपर ओढला.